डावीकडची उडी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तराच्या मोबाईलवर तिच्या वडिलांचे डोळे आले. स्टाफरूममध्ये ती अकरावीचे पेपर तपासत बसली होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडा ठेवून हात धुवायला गेलं होतं, मेथीचा वास येत होता, आणि मोबाईल थरथरला म्हणून तिने नुसतं बोट लावलं. भुवयांपासून गालाच्या हाडांपर्यंत एवढाच चेहरा, पण तो स्क्रीनभर. अण्णांना जाऊन चार महिने झाले होते. भिंतीवरच्या फोटोची तिला सवय झाली होती, कारण फोटोतले डोळे हलत नाहीत, त्यांना हार घातला की ते भिंतीचाच भाग होतात. हे हलत होते. मधे पाहत, मग डावीकडे. पुन्हा मधे, पुन्हा डावीकडे. एका उडीत, न अडखळता, जिथे पोचायचं तिथे नेमके. पोचल्यावर खालच्या पापणीला बारीक सुरकुती पडत होती, म्हणजे खाली, चौकटीच्या बाहेर, अण्णा हसत होते. सोळा सेकंदांत ते सात वेळा डावीकडे जाऊन आले आणि सातही वेळा हसले. तिने मोबाईल उलटा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. असे आणखी दोन व्हिडिओ आले होते.

लगेच योगिनीचा फोन आला. मागच्याच्या मागच्या दिवाळीत अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यानंतर वसमत रोडवरच्या ज्या उपचार केंद्रात उत्तरा त्यांना नेत असे, तिथली ही तरुण डॉक्टर. "ताई, बघितलं का? पुढच्या आठवड्यात नांदेडला पेशंटच्या घरच्यांसाठी माझं भाषण आहे. ह्या तीन क्लिप दाखवणार आहे. नाव ठेवलंय, 'मुलीनं शिकवलेली नजर'. तुम्ही येऊन दोन शब्द बोला ना." उत्तराने हातातलं पेन खाली ठेवलं. "अजून एक विचारायचं होतं," योगिनी म्हणाली. "तुमच्याकडं त्या तानुबाई होत्या ना, सरांना सांभाळायला? परवा काम मागायला आल्या होत्या. घरोघरी जाऊन नजरेचा असा सराव घेणारी बाई मला हवीच आहे, मी तसं बोलले होते कुठंतरी. तर त्या म्हणतात, सरांचा सराव मीच घ्यायचे. मी सरावाचा तक्ता काढून बघितला. आठ महिन्यांत एकाही ओळीत त्यांचं नाव नाही. सगळीकडं तुम्हीच. मला कसंतरीच वाटलं, ताई. बाई चांगली आहे, पण असं खोटं बोलणाऱ्या माणसाला पेशंटच्या घरी कसं पाठवू? साफसफाईला ठेवते म्हटलं. चालेल ना? तुमचा काय अनुभव?"

"उद्या सांगते," उत्तरा म्हणाली. आणि समोरच्या पेपरातल्या सहाव्या प्रश्नाला तिने सातपैकी साडेसात गुण दिले, ते नंतर खोडले.

झटक्यानंतर अण्णांच्या डाव्या बाजूचं जग नाहीसं झालं होतं. डोळे धड होते, मेंदूतली त्यांच्यामागची जागा गेली होती. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि ते म्हणायचे, आज कोशिंबीरच केलीस का. वर्तमानपत्राच्या ओळीची पहिली अर्धी बाजू गळून पडायची आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्थ लागत नाही म्हणून ते संपादकावर चिडायचे. मानवतच्या हायस्कूलमध्ये छत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. गावोगावचे लोक त्यांना गोविंदराव न म्हणता नुसतं सर म्हणत. तेव्हा योगिनीने समजावून सांगितलं होतं की, गेलेलं दिसणं परत येणार नाही, पण नजरेला तिकडे उडी मारायला शिकवता येतं. पहिल्यांदा ती उडी तोकडी पडेल. नजर अर्ध्यावर उतरेल, मग चाचपडत दुसरी छोटी उडी मारून पोचेल. रोज सराव केला की एका उडीत पोचेल. "गंमत अशी आहे ताई, की उडी चालू असताना डोळ्याला काहीच दिसत नसतं. पोचल्यावर तिथं काय मिळालं, त्यावरून तो पुढची उडी शिकतो. नुसता ठिपका मिळाला तर मेंदू म्हणतो, ठीक आहे, थोडं चुकलं तरी काय बिघडतंय. बघावंसं काही मिळालं तर पुढच्या वेळी बरोब्बर जातो. म्हणून सरांना आवडेल ते ठेवा डावीकडं." उत्तराला ते फार आवडलं होतं. सरांना काय आवडतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! ह्या घरातच पंचवीस वर्षं ती त्यांच्याबरोबर राहत होती. आई, सुमंगला, गेल्यापासून तर दोघंच. तिने पुठ्ठ्याची चाळीस कार्डं कापली आणि त्यांवर जाड काळ्या शाईने, वळणदार अक्षरात, अण्णांना प्रिय असलेले शब्द लिहिले. ज्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर त्यांनी पिढ्यान्पिढ्यांचे कान पिळले होते ते शब्द. रविवारी आणि रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर ती पलंगाच्या डाव्या अंगाला बसून एकेक कार्ड धरायची. अण्णांची नजर निघायची आणि मधेच उतरायची, शब्दाच्या शेवटच्या अक्षरापाशी. "अजून डावीकडे, अण्णा." "हो, हो." दुसरी उडी. "आता पोचलात. वाचा." ते वाचायचे, अगदी बरोबर. पुढचं कार्ड धरलं की पुन्हा तेच. दोन उड्या. महिना गेला, दोन गेले. "मघाशीच सांगितलं ना, सुरुवातीलाच लांब बघायचं म्हणून," ती एकदा म्हणाली, आणि म्हणताम्हणताच तिला हा आवाज ओळखीचा वाटला. हा तिचा नव्हताच.

ती दुसरीत-तिसरीत असेल. मानवतच्या त्या भाड्याच्या घरात अण्णा खिडकीपाशी वह्या तपासत बसायचे आणि ती आपली वही घेऊन शेजारी उभी राहायची. अख्ख्या पानावर एकच चूक असली तरी अण्णांची नजर सरळ त्या चुकीवर उतरायची. उशीर नाही, शोधाशोध नाही. ती नजर वहीवर असताना ती अण्णांकडे बघायची, आणि ती वर उचलली जाणार असं वाटलं की आपली नजर खाली घ्यायची, त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर. त्या गुंडीला चार भोकं होती. आज, सत्तेचाळीसाव्या वर्षी, स्टाफरूममध्ये तिसऱ्यांदा तोच व्हिडिओ बघताना तिच्या लक्षात आलं की अण्णांच्या बुबुळांभोवती फिकट राखाडी कडं होतं आणि आत, गुळाच्या पाकासारखा, पिवळसर तपकिरी रंग होता. हे तिला माहीत नव्हतं. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, चपलांचा नंबर, कोणत्या दाताला कवळीची तार लागायची, हे सगळं माहीत होतं, आणि हे नव्हतं. आणि तानुबाईला ते ठाऊक असणार, हा विचार इतका सहज आला की तिला आधी तो तिरस्कार आहे असंच वाटलं. तिरस्कार सोपा असता. आपल्यापेक्षा चांगलं शिकलेली, आपल्यापेक्षा चांगली राहणारी बाई असती तर तिला हेव्याचं कारण देता आलं असतं. पेडगावाहून काळीपिवळी जीपमधून येणारी, अंगठा उठवणारी, चहात भाकर कुस्करून खाणारी बाई. तिचा हेवा करायचा म्हणजे आधी आपणच एक पायरी उतरायचं, आणि उतरल्यावरही तिच्या खालीच राहायचं.

अण्णा असतानाचा तो एक गुरुवार होता. एका माजी प्राध्यापकांच्या निधनामुळे कॉलेज लवकर सुटलं आणि ती अडीच वाजता घरी आली. फाटकातच तिला आतून आवाज आला. कुणीतरी हसत होतं. अण्णा हसायचे ते नाकातून, एकदाच, कुणाचा विनोद पास केल्यासारखे. हे तसं नव्हतं. ती ओट्यावरून खिडकीच्या गजांपाशी गेली. पलंगाच्या डाव्या बाजूला, भिंत आणि पलंग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तानुबाई पाय दुमडून बसली होती आणि तिने दोन्ही मुठी पुढे धरल्या होत्या. समोर स्टँडवर अण्णांचा मोबाईल, केंद्राला पाठवायचे व्हिडिओ घ्यायला उत्तरानेच लावून दिलेला. "बगा सर, चिंचोका कोण्या हातात हाय? लवकर, लवकर! म्हातारी पन सांगंल." अण्णांची नजर सुटली. तिने स्वतः पाहिलं, कसलीही अडखळ न होता ती तानुबाईच्या डाव्या मुठीवर जाऊन आदळली आणि तिथून वर, तिच्या तोंडाकडे. "त्यात हाय." तानुबाईने मूठ उघडली. रिकामी. दुसरी उघडली. तीही रिकामी. चिंचोका तिने मांडीखाली ठेवला होता. "आगं चोरटे!" अण्णा ओरडले. "लय बेइमान हाईस तू! न्हाई, न्हाई, हा डाव न्हाई धरायचा." कवळी काढून ठेवलेली होती, तोंडाचं बोळकं उघडं होतं, आणि ते पोट धरून हसत होते.

हाय. न्हाई. लय. उत्तरा गज धरून उभी राहिली. पहिलीत असताना शेजारच्या मुलींचं ऐकून ती एकदा जेवताना "मला न्हाई पायजे" म्हणाली होती आणि अण्णांनी तिच्यापुढचं ताट ओढून घेतलं होतं. रागाने नव्हे, शांतपणे. वाक्य नीट म्हण, मग जेव. तिने तीन वेळा म्हटलं तेव्हा ताट परत मिळालं. त्यानंतर ती कधी चुकली नाही. तिला वाटत आलं होतं की ही भाषा अण्णांनी तिला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ती दोघंच त्या भाषेत राहतात, बाकीचे बाहेर. आणि आता कळलं होतं की अण्णांच्या आत दुसरंच एक घर होतं, जिंतूरकडच्या त्यांच्या लहानपणाच्या गावचं, त्याचं दार त्यांनी तिच्यापुरतं बंद ठेवलं होतं आणि ह्या बाईला ते नुसत्या दोन मुठी दाखवून उघडून मिळालं होतं. ती खिडकीतून मागे सरली, फाटकाबाहेर गेली, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि मग फाटकाची कडी मुद्दाम मोठ्याने वाजवली. आत गेली तेव्हा अण्णांनी कवळी घातलेली होती. "लवकर सुटलं वाटतं कॉलेज?" त्यांनी विचारलं, प्रत्येक शब्द स्वच्छ.

रोज संध्याकाळी तक्ता भरायचा असे. तारीख, एका उडीत किती, दोन उड्यांत किती, सराव कोणी घेतला. दुपारचा सराव तानुबाई घ्यायची, पण तिला लिहिता येत नव्हतं म्हणून ती दोन वाट्यांत चिंचोके टाकून ठेवायची. स्टीलच्या वाटीत एका उडीचे, पितळीत दोन उड्यांचे. उत्तरा ते मोजून आकडे लिहायची. मग आपल्या संध्याकाळच्या सरावाचे आकडे खालच्या ओळीत. पहिल्या दिवशी शेवटच्या रकान्यात तिने आपलं नाव लिहिलं होतं, 'उत्तरा', कारण पहिल्या दिवशी तीच एकटी होती. दुसऱ्या दिवसापासून तिने हजेरीपटाच्या सवयीने त्याखाली दोन तिरप्या रेघा ओढल्या. वरीलप्रमाणे. ती मास्तरांच्या घरातली सवय, रोज तेच तेच कोण लिहीत बसतं. सुरुवातीला ते नुसतंच झालं, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं. पण त्या गुरुवारी स्टीलच्या वाटीत एकतीस चिंचोके होते आणि पितळीत दोन. तिने एकतीस लिहिलं, दोन लिहिलं, आणि शेवटच्या रकान्याशी तिचा हात थांबला. स्वयंपाकघरात तानुबाई भांडी लावत होती. उत्तराने दोन तिरप्या रेघा ओढल्या, नेहमीपेक्षा जरा जाड. पुढे केंद्रात योगिनी तो तक्ता बघून म्हणाली, "ताई, कमाल आहे तुमची," तेव्हा अण्णा शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनी वळून उत्तराकडे बघितलं. ती त्यांच्या डावीकडे बसली होती. नजर अर्ध्यावर उतरली, मग पुढे आली, पोचली, आणि तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. ते काही बोलले नाहीत, घरी आल्यावरही नाही, पुढचे तीन महिनेही नाही. भाद्रपदात दुसरा झटका आला तेव्हा तर बोलण्याचा प्रश्नच उरला नाही. तिरडी उचलताना तानुबाई हंबरडा फोडून रडली; शेजारणींनी तिलाच धरलं, तिलाच पाणी दिलं. उत्तरा कोरडी उभी होती आणि तेव्हाही तिला तेच वाटलं होतं, हिने माझं हेही घेतलं.

योगिनीच्या फोननंतर कॉलेजातून ती घरी गेलीच नाही. स्टँडजवळ काळीपिवळी भरत होती, ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. पेडगावला तानुबाईचं घर विचारावं लागलं नाही. रस्त्याकडेच्या तिसऱ्या घराच्या अंगणात ती तुरीच्या शेंगा सोलत बसलेली दिसली, आणि उत्तराला पाहून हातातलं सूप घेऊनच उठली. "अवो ताई! असं अचानक? कामून वो, समदं बरं हाय ना? बसा, बसा. हितं नका, हितं मुंग्या हायेत. कशा वाळल्यात तुमी. जेवता का न्हाई?" तिने पोतं झटकून अंथरलं. ओंजळभर हिरव्या शेंगा उत्तराच्या पुढ्यात ठेवल्या. "तोंड चाळवा तवर. च्या ठिवते."

"चहा नको. तानुबाई, तुम्ही योगिनी मॅडमकडे गेला होतात?"

तानुबाईचा हात सुपातच थांबला. "गेलते," ती म्हणाली. "त्या म्हन्ल्या कागदात तुजं नाव न्हाई. म्या म्हन्लं, नसंल. मला काय वाचता येतंय? ताईनं लिवलंय तेच खरं असंल. सफाईचं तर सफाईचं, फरशी पुसायला कुटं लाज." तिच्या बोलण्यात टोमणा आहे का, हे उत्तरा शोधत राहिली. असता तर बरं झालं असतं. तिने शेंग हातात घेतली, सोलली नाही. मग ज्यासाठी ती आली होती ते एकदम तोंडातून निघालं, चारचौघांत कधी बोलली नसती असं, मुलीसारखं. "अण्णा तुमच्याकडे बरोबर बघायचे. माझ्याकडे कधीच नाही बघितलं त्यांनी तसं. मी काय कमी केलं होतं?"

तानुबाईने पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. दोन शेंगा सोलून झाल्या. मग खाली सुपाकडेच बघत म्हणाली, "खुळ्या का काय, ताई. मला कशाला बगतेत सर! दार हाय न्हवं त्या अंगाला. तुमी आलाव का, तुमी आलाव का, म्हनून डोळा पळायचा त्येंचा. मी आपली मदी बसलेली. दिसभर तुमचाच घोर. उत्तरी आली का, उत्तरी आली का."

दार उजवीकडे होतं. डावीकडे भिंत होती, नुसती भिंत, पोपडे आलेली. पलंग तसा फिरवून उत्तरानेच घेतला होता, आणि आठ महिने रोज ती खोली झाडणाऱ्या बाईला भिंत कुठे आणि दार कुठे हे ठाऊक नसणं शक्य नव्हतं. शिवाय अण्णांनी तिला उत्तरी कधी म्हटलं नव्हतं. खोटं इतकं उघडं होतं की उत्तराला हसू यावं. अंगणात उन्हं कलती झाली होती, शेजारी कुणाचं तरी रेडकू ओरडत होतं. तानुबाईने मान वर केली, आपलं बोलणं लागू पडलं का ते बघायला. आणि उत्तरा, जिची नजर इतका वेळ तिच्या हातांवर, बांगड्यांवर, सुपाच्या काठावर फिरत होती, ती तिथे पोचली. रापलेलं, रुंद तोंड, एका डोळ्यात पडलेला मोतीबिंदूचा पांढुरका ठिपका, ओठांच्या कोपऱ्यांत वाट बघणं. तिथे पोचणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नव्हतं. हे समजलं म्हणून मनातलं काही निवलं नाही. उलट कळ आणखी खोल गेली, कारण आता तिला हेही कबूल करावं लागत होतं की अण्णांच्या जागी ती असती तर तिच्याही नजरेने ह्याच बाजूला उडी मारायला शिकून घेतलं असतं.

"तुमचं पूर्ण नाव काय, तानुबाई?" तिने विचारलं. आठ महिने घरात वावरलेल्या बाईचं आडनाव तिला माहीत नव्हतं.

"माजं? तानुबाई आश्रुबा खटिंग. कामून?"

उत्तराने तिथेच बसून फोन लावला. योगिनीने उचलल्यावर ती एका दमात बोलली, वर्गात हजेरी घ्यावी तशी. तक्त्यात शेवटच्या रकान्यातलं नाव चुकीचं आहे. दुपारचे सगळे सराव तानुबाई आश्रुबा खटिंग यांनी घेतले. पाठवलेल्या तिन्ही क्लिप त्यांच्या आहेत. चूक माझी आहे, नजरचुकीने झालेली नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत, त्यांना सरावाचंच काम द्या, आणि नांदेडला बोलवायचं तर त्यांना बोलवा. तानुबाई सूप मांडीवर घेऊन तोंड उघडं टाकून ऐकत होती. "अवो कशाला, ताई," ती कुजबुजली, "मी कुटं भाशान करू?" पलीकडे योगिनी गप्प झाली होती. त्या गप्प होण्यात तिला काय वाटलं असेल ते उत्तराला स्पष्ट ऐकू आलं आणि तिने ते ऐकून घेतलं.

"मग ताई," योगिनी आवाज सांभाळत म्हणाली, "तुम्ही सराव घेतच नव्हता का?"

"घेत होते. संध्याकाळी. रविवारी. तुमच्याकडे त्याचेही व्हिडिओ आहेत. दर आठवड्याला पाठवायचे आणि आमच्याकडचे पुसून टाकायचे, मोबाईलमध्ये जागा नसायची."

"कोणते ते? व्हिडिओत नुसते डोळेच आहेत. मला कसं ओळखू येणार?"

"ज्यात दोन उड्या आहेत, ते माझे."

"हां, ते," योगिनी म्हणाली. "ते खूप आहेत, ताई. साठ-सत्तर असतील. कामाचे नाहीत म्हणून मी वेगळे काढून ठेवलेत, आज-उद्या काढूनच टाकणार होते."

"काढू नका," उत्तरा म्हणाली. तानुबाईने तिच्या पुढ्यातल्या शेंगा सोलून द्यायला सुरुवात केली होती. "मला पाठवा. सगळे पाठवा."